उन्हाळ्यात मेलेल्या बॅटऱ्या : झटका यंत्रांच्या सीलबंद बॅटऱ्यांची साठवण आणि वाहतूक, एका शेतकरी गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जंगलाला लागून असलेल्या एका गावातील शेतकरी गटाचे हे प्रकरण आहे. गावाचे, गटाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. गावात खरिपात कपाशी, तूर आणि सोयाबीन, तर ओलिताची सोय असलेल्यांकडे रब्बीत हरभरा असतो. रानडुकरे पेरलेले बी उकरून खातात, रोही (नीलगायी) उभ्या पिकात शिरतात, आणि त्यामुळे पेरणीपासून माल घरी येईपर्यंत रात्रीच्या जागलीला पर्याय नव्हता. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळू लागल्यावर काहींनी त्यातून, तर काहींनी पदरचे पैसे घालून झटका यंत्रे बसवली. प्रकरण घडले तेव्हा गटातील सभासदांकडे अशी ३४ यंत्रे होती.

प्रत्येक यंत्राला एक लहान सौर पॅनल आणि १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तास क्षमतेची एक सीलबंद लेड-ॲसिड (शिसे आणि आम्लाची) बॅटरी जोडलेली होती. यंत्र साधारण सेकंदाला एकदा कुंपणाच्या तारेत उच्च दाबाचा, पण क्षणाच्याही अत्यल्प भागापुरता झटका सोडते. जनावर त्याने बिचकून मागे फिरते, मरत नाही. दिवसा पॅनल बॅटरी भरते आणि रात्रभर यंत्र त्या बॅटरीवर चालते, म्हणजे पिकाचे राखण प्रत्यक्षात चार किलोच्या आतल्या एका काळ्या डब्यावर अवलंबून असते.

ट्रॅक्टरच्या बॅटरीत आम्ल मोकळे असते, झाकणे उघडून त्यात डिस्टिल्ड वॉटर टाकता येते. सीलबंद बॅटरीत हेच गंधकाम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि वर, आतल्या वायूचा दाब वाढला तरच उघडणारी छोटी झडप असते. बॅटरी आडवी झाली तरी आम्ल सांडत नाही, पाणी टाकावे लागत नाही. या दोन सोयींमुळे गावात असा समज पक्का झाला होता की या बॅटरीकडे बघण्याचे कारणच नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या समजात आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघाला की वावर मोकळे होते. पॅनल आणि यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून सभासद ते काढून घरी आणत. बॅटरी कोणी माळ्यावर, कोणी टिनाच्या सपरीत, कोणी खताच्या पोत्यांमागे ठेवत असे. बहुतेकांनी ती यंत्राला जोडलेलीच राहू दिली होती. यंत्राचे बटण बंद असले तरी काही यंत्रांतला लहान लाल दिवा जळत राहत असे, हे नंतर तपासणीत दिसले.

अडचण कशी समोर आली

मृगाचा पाऊस आला, पेरणी झाली आणि यंत्रे पुन्हा वावरात बसवली तेव्हा ३४ पैकी केवळ ११ यंत्रांचा टिकटिक आवाज आला. उरलेल्या २३ ठिकाणी बॅटरी पूर्ण उतरलेली होती. दोन-तीन दिवस उन्हात ठेवून पॅनलने भरतील या आशेवर सभासद थांबले, पण ढगाळ वातावरणात ते झाले नाही.

पहिला निर्णय घाईत झाला. सगळ्या बॅटऱ्या तालुक्याच्या गावी एका चार्जिंगच्या दुकानात नेऊन भरून आणाव्यात, असे ठरले. कोणत्या बॅटरीचा दाब (व्होल्टेज) किती आहे, कोणती फुगली आहे, कोणती नुसती उतरली आहे, हे कोणीही मोजले नाही. गटात आयटीआयमधून विजतंत्री झालेला एक तरुण होता आणि त्याच्याकडे मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचे छोटे यंत्रही होते, पण तो त्या दिवशी गावात नव्हता आणि त्याची वाट बघावी असे कोणाला वाटले नाही.

पहिली खेप एका सभासदाच्या मालवाहू गाडीतून बिनघोर गेली. दुसऱ्या खेपेत सहा बॅटऱ्या खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यात घालून दुचाकीवर मागे बांधल्या होत्या. त्याच पोत्यात कुंपणाच्या तारेचे एक भेंडोळे होते, कारण येताना तारेला साजेसे क्लॅम्प आणायचे होते. वाटेत खड्ड्यांच्या रस्त्यावर पोते हलत राहिले आणि तारेचा एक वेढा एका बॅटरीच्या दोन्ही उघड्या टर्मिनलांवर बसला. चालवणाऱ्याला आधी जळका वास आला, मग मांडीला चटका बसला. त्याने गाडी थांबवून पोते ओढून काढले, तेव्हा पोत्याचा एक भाग वितळलेला होता आणि तार लालभडक झाली होती. ती हाताने सोडवण्याच्या प्रयत्नात त्याची दोन बोटे भाजली.

उतरलेल्या बॅटरीने इतकी आग कशी धरली, असा प्रश्न गावात बरेच दिवस चर्चेत होता. यंत्र चालवण्याइतका दाब राहिला नाही म्हणजे बॅटरी रिकामी झाली असे होत नाही. आत थोडीफार ऊर्जा शिल्लक असते, आणि अशा बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की दोन टर्मिनल थेट जोडली गेली तर अर्धवट भरलेली लहान बॅटरीसुद्धा काही क्षण शेकडो अँपिअरचा प्रवाह देऊ शकते. बारीक तार तापून लाल व्हायला तेवढे पुरे आहे. शिवाय सहापैकी एक बॅटरी मुळात फारशी उतरलेलीच नव्हती. तिच्या टर्मिनलवर गंज चढल्याने यंत्र चालत नव्हते, हे नंतर कळले. मोजणी झाली असती तर ती बॅटरी त्या पोत्यात गेलीच नसती.

दुकानातले नुकसान

दुकानदाराच्या हेतूत खोट नव्हती. त्याचे चार्जर ट्रॅक्टर आणि ट्रकच्या बॅटऱ्यांसाठीचे होते. त्यात प्रवाह बटणाने ठरवता येत होता, पण ठरावीक दाबाला थांबण्याची सोय नव्हती. त्याने आठ-दहा बॅटऱ्या एकापुढे एक अशा एकसरीत जोडल्या आणि रात्रभर ठेवल्या.

मोकळ्या आम्लाच्या बॅटरीत जास्तीचे चार्जिंग झाले तर पाण्याचे वायू होऊन बुडबुडे बाहेर जातात आणि सकाळी पाणी टाकून भागते. सीलबंद बॅटरीत तयार होणारा ऑक्सिजन आतल्या आत शिशाच्या ऋण पट्ट्यांवर जातो आणि तिथे त्याचे पुन्हा पाणी होते. ही रचना हळू चार्जिंगला पुरते. प्रवाह जास्त झाला, तर हीच प्रक्रिया उष्णता निर्माण करते, तापलेली बॅटरी आणखी प्रवाह ओढते, आतल्या वायूचा दाब वाढतो, झडप उघडते आणि वायू बाहेर पडतो. बाहेर गेलेले पाणी पुन्हा आत टाकता येत नाही. एकसरीत जोडणीने त्यात भर घातली, कारण सगळ्यांतून सारखाच प्रवाह जात असल्याने आधी भरलेली बॅटरी मागच्या बॅटऱ्या भरेपर्यंत जास्तीचे चार्जिंग सोसत राहिली.

सकाळी पाच बॅटऱ्या फुगलेल्या होत्या आणि दुकानात सडलेल्या अंड्यासारखा वास होता. हा वास फार तापलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो येताच वीजपुरवठा बंद करून खोली मोकळी करणे हे पहिले काम असते. त्याखेरीज कोणत्याही चार्जिंगमध्ये थोडा हायड्रोजन निघतोच. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दुकानाला शटर होते आणि रात्री ते बंद होते. तिथे काही झाले नाही, याला सुदैवापलीकडे कारण नाही.

पोत्यातल्या दोन आणि दुकानातल्या पाच मिळून सात बॅटऱ्या अशा रीतीने बाद झाल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यांपैकी एकही उन्हाळ्याने मारलेली होती की नाही, हे आता कधीच कळणार नव्हते.

मोजणी आणि वर्गवारी

विजतंत्री तरुण परत आल्यावर त्याने ज्या क्रमाने काम केले, तो क्रम आरंभीच असायला हवा होता. प्रत्येक बॅटरी यंत्रापासून सोडवून काही तास तशीच ठेवली आणि मग तिचा दाब मोजला. पूर्ण भरलेल्या निरोगी सीलबंद बॅटरीचा दाब १२.८ ते १३ व्होल्ट असतो. १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते, आणि ११.८ च्या खाली जवळजवळ काहीच उरलेले नसते. फुगलेल्या, तडा गेलेल्या किंवा टर्मिनलपाशी ओल दिसणाऱ्या बॅटऱ्या त्याने चार्जरला लावल्याच नाहीत.

उरलेल्यांना त्याने एकेक करून, दाबाची मर्यादा असलेल्या छोट्या चार्जरवर, साधारण एक-दीड अँपिअरने चार्ज केले आणि दर अर्ध्या तासाने हात लावून तापमान पाहिले. मग त्याने एक साधी चाचणी घेतली. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा दिवा भरलेल्या बॅटरीला लावला. हा दिवा पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तीन तास होण्याआधीच दाब १०.५ व्होल्टवर आला तर बॅटरीची निम्मी ताकदही उरलेली नाही असे समजायचे आणि तिथेच दिवा काढून घ्यायचा, कारण त्याखाली गेल्यास पट्ट्यांची आणखी हानी होते. या चाचणीत नापास झालेल्या बॅटऱ्या नऊ निघाल्या, सात वापरण्याजोग्या ठरल्या. आधीच्या ११ धरून गटाकडे आता १८ बॅटऱ्या होत्या.

नऊ बॅटऱ्या का मेल्या, याचे उत्तर साधे होते. २५ अंश सेल्सिअसला सीलबंद बॅटरी काही न करता महिन्याला साधारण ३ टक्के उतरते. तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये, टिनाखाली, तोच वेग तिप्पट-चौपट होतो. मार्चमध्ये अर्धी भरलेली आणि यंत्राच्या लाल दिव्याला जोडून ठेवलेली बॅटरी मेअखेर पूर्ण रिकामी झाली असणार. रिकाम्या अवस्थेत पट्ट्यांवरचे लेड सल्फेटचे कण मोठे आणि कठीण होत जातात, आणि मग चार्जर लावला तरी ते विरघळत नाहीत. तरुणाने बैठकीत सांगितले ते वाक्य सचिव ताईंनी नोंदवहीत उतरवून घेतले आहे : "बॅटरी चालून चालून मेली नाही भाऊ, बसून बसून मेली. अन् तिले आपणच बसवून ठेवलं."

पावसाळ्यातली तात्पुरती व्यवस्था

१८ बॅटऱ्यांत ३४ वावरे राखायची होती. जंगलाच्या बाजूच्या वावरांना आधी बॅटऱ्या द्याव्यात आणि इतरांनी आळीपाळीने जागल करावी, असे ठरले. यावर कुरबुर झाली, पण ती टिकली नाही. अधिक गंभीर गोष्ट निराळी होती. दोन सभासदांनी यंत्र बंद असल्याने पंपाच्या लाइनवरून आकडा टाकून कुंपणात थेट प्रवाह सोडण्याचा विचार बोलून दाखवला. झटका यंत्राचा क्षणिक झटका आणि २३० व्होल्टचा सलग प्रवाह यांत जगण्या-मरण्याचा फरक आहे. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत, कित्येकदा कुंपण लावणाऱ्याच्याच घरची. विद्युत अधिनियम, २००३ खाली ही वीजचोरी आहे, आणि वाघ किंवा रानडुक्कर मेले तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली खटला होतो. गटाने त्या दोघांना पहिल्या दोन बॅटऱ्या दिल्या. तांत्रिक निकषावर हा निर्णय बसत नाही, कारण त्यांची वावरे जंगलापासून दूर होती. तरी या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, असे माझे मत आहे.

पुढच्या उन्हाळ्यासाठी तपासलेले पर्याय

फेब्रुवारीच्या बैठकीत चार पर्याय पुढे आले. बॅटऱ्या पूर्वीसारख्या ज्याच्या त्याच्या घरीच ठेवाव्यात, फक्त सूचना द्याव्यात, हा पहिला. त्यात भांडण नव्हते, पण ३४ घरांत ना मल्टिमीटर होता ना योग्य चार्जर, आणि सूचना मार्चमध्ये आठवतात, मेमध्ये आठवत नाहीत.

दुसरा पर्याय अनेकांना पटलेला होता : बॅटरी पॅनलसह वावरातच राहू द्यावी, म्हणजे ऊन तिला भरलेली ठेवील. विचार चुकीचा नव्हता. अडचण चोरीची होती, आणि दुसरी अशी होती की स्वस्त यंत्रांतला चार्ज नियंत्रक, म्हणजे पॅनलकडून बॅटरीला मिळणारा दाब आवरणारा भाग, तापमान ओळखत नाही. २५ अंशांना योग्य असलेला चार्जिंग दाब ४५ अंशांना जास्त ठरतो. कायम जोडून ठेवायचे तर १२ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीला २५ अंशांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दाब पुरतो आणि तापमान वाढेल तसा तो दर अंशाला सुमारे २० मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. हे न झाल्यास मोकळ्या वावरातली बॅटरी रोज थोडी थोडी सुकत जाते. ज्या पाच सभासदांचा उन्हाळी भाजीपाला होता, त्यांना मात्र यंत्र चालू ठेवणे भागच होते, म्हणून त्यांच्यापुरता हा पर्याय मान्य झाला. त्यांनी बॅटरीचा डबा कडुलिंबाच्या सावलीत, जमिनीपासून थोडा उंच, हवा खेळेल असा ठेवायचे ठरले.

तालुक्याच्या दुकानाला महिन्याचे भाडे देऊन बॅटऱ्या सांभाळायला द्याव्यात, हा तिसरा पर्याय मागच्या अनुभवानंतर कोणी फार वेळ चर्चेत ठेवला नाही. चौथा पर्याय सचिव ताईंनी मांडला. महिला बचत गटाची नोंदवही त्या अनेक वर्षे ठेवत होत्या, आणि त्यांचे म्हणणे असे होते की पैसा जसा एका पेटीत, एका वहीत आणि एका जबाबदार माणसाकडे असतो, तशा बॅटऱ्याही असाव्यात. मतभेद फक्त जागेवर झाला.

जागेचा निर्णय

गटाचे टिनाचे गोदाम होते. त्याला कुलूप होते, फरशी होती, रस्ता दारापर्यंत होता. अध्यक्षांना तेच योग्य वाटत होते आणि मार्चमध्ये २९ बॅटऱ्या तिथेच ठेवल्या गेल्या. ताईंनी सुचवलेली जागा एका सभासदाच्या जुन्या घराची आतली खोली होती, जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलू (कौले). ती जुनाट म्हणून नाकारली गेली.

एप्रिलमध्ये पहिल्या मासिक तपासणीत बऱ्याच बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा जास्त उतरलेल्या आढळल्या. तेव्हा तरुणाने दोन्ही जागी दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटर ठेवला. गोदामात ४७ अंश निघाले, मातीच्या खोलीत ३४. त्याच संध्याकाळी बॅटऱ्या हलवल्या. गोदामाविरुद्ध दुसरेही कारण होते, आणि ते आधीच पुरेसे असायला हवे होते : तिथे युरियाची पोती, कीटकनाशके आणि सरकीचा ढीग होता. ठिणगी पडली तर पेट घेणाऱ्या आणि आम्ल सांडले तर खराब होणाऱ्या वस्तूंच्या शेजारी बॅटरी ठेवू नये, यासाठी थर्मामीटरची गरज नाही.

हलवताना काही जुन्या समजुतींनाही वाट करून द्यावी लागली. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असे अनेकांचे ठाम मत होते. आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना ते लागू नाही. तरीही फळ्या टाकल्या, कारण मातीच्या जमिनीची ओल आणि वाळवी ही कारणे खरी होती. कोणीतरी लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवण्याची सूचना केली, ती मात्र मान्य झाली नाही. बॅटरीतून निघणारा वायू बंद पेटीत साचतो आणि पेटीचे लोखंडी झाकण टर्मिनलांना टेकू शकते. खोलीच्या वरच्या झरोक्याची जाळी साफ करून तो उघडा ठेवला, कारण हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो.

साठवणीची रीत अशी ठरली. आत येणारी प्रत्येक बॅटरी आधी पूर्ण भरायची, दोन्ही तारा काढायच्या, टर्मिनलांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवायचे, आणि डब्यावर कागदी पट्टी चिकटवून मालकाचे नाव, तारीख आणि दाब लिहायचा. दर महिन्याला दाब मोजायचा आणि १२.६ च्या खाली गेली की भरायची. चार्जिंग पहाटे करायचे, दुपारी नाही. चार्जरचा वीजपुरवठा आधी बंद करायचा आणि मगच चिमटे काढायचे, म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी उडणार नाही. खोलीत बिडी नाही. हातातले कडे, अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ दाराबाहेर काढून ठेवायचे, हा नियम तरुणांना पटवताना सर्वांत जास्त वेळ गेला.

वाहतूक

पोत्याच्या प्रसंगानंतर वाहतुकीचा विषय वेगळा हाताळला गेला. आंतरराष्ट्रीय वाहतूक नियमांत सीलबंद बॅटऱ्यांना 'न सांडणाऱ्या' म्हणून यूएन २८०० हा क्रमांक आहे आणि मोकळ्या आम्लाच्या बॅटऱ्यांपेक्षा त्यांना सवलती अधिक आहेत. पण त्या सवलतींमागे अटी आहेत : बॅटरीने कंपन आणि हवेच्या दाबफरकाच्या चाचण्या सोसलेल्या असाव्यात, ५५ अंशांना डबा फुटला तरी आतून आम्ल वाहू नये, आणि वाहतुकीत तिचे टर्मिनल शॉर्ट होणार नाहीत अशी बांधणी असावी. फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी या अर्थाने न सांडणारी राहत नाही. गावच्या पातळीवर गटाने यातून जे घेतले ते एवढेच : टर्मिनल झाकलेले हवे, बॅटरी उभी हवी, आणि खराब बॅटरी चांगलीसोबत जाऊ नये.

टमाट्याचे प्लास्टिक कॅरेट या कामाला चांगले ठरले. एका कॅरेटमध्ये एकाच थरात, मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून बॅटऱ्या उभ्या ठेवायच्या आणि वरून काही ठेवायचे नाही. पाना, पकड, तार, क्लॅम्प वेगळ्या पिशवीत. दुचाकीवर आता एकच बॅटरी, तीही टर्मिनल झाकून आणि खोक्यात घालून, न्यायची परवानगी आहे. गावात येणाऱ्या काळी-पिवळीत प्रवाशांसोबत बॅटऱ्या न्यायच्या नाहीत. गळणारी बॅटरी जाड प्लास्टिकच्या टबात, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. गाडीत पाण्याची मोठी कॅन आणि खाण्याच्या सोड्याची पिशवी ठेवायची. सोडा सांडलेल्या आम्लावर टाकायचा असतो, अंगावर नाही. अंगावर किंवा डोळ्यात आम्ल गेले तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवायचे आणि डोळ्याच्या बाबतीत लगेच दवाखाना गाठायचा. हळद, टूथपेस्ट, तेल यांपैकी काहीही लावायचे नाही.

मेलेल्या बॅटऱ्यांचे काय केले

बाद झालेल्या १६ बॅटऱ्या पावसाळाभर गोदामामागे उघड्यावर पडून होत्या. फेरीवाला भंगारवाला रोख पैसे द्यायला तयार होता, आणि काही सभासदांना ते मान्यही होते. असा माल बऱ्याचदा नाल्याकाठी फोडला जातो, आम्ल मातीत ओतले जाते आणि शिसे चुलीवर वितळवले जाते. बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि त्याचा धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि वापरणाऱ्यानेही त्या इतर कचऱ्यात न मिसळता या साखळीतच द्यायच्या आहेत. नव्या १६ बॅटऱ्या ज्या विक्रेत्याकडून घेतल्या, त्यानेच जुन्या वजनावर घेऊन किमतीत सूट दिली. भंगारवाल्याच्या भावापेक्षा ती थोडी कमी होती. फरकाची रक्कम गटाच्या निधीतून भरून दिल्यावर विरोध मावळला.

नव्या बॅटऱ्या घेताना तरुणाने दुकानातच दाब मोजला. दोन बॅटऱ्यांचा दाब १२.४ निघाला, म्हणजे त्या विक्रेत्याच्या माळ्यावर बराच काळ बसून होत्या. डब्यावरचा निर्मितीचा महिना पाहून त्या बदलून घेतल्या.

परिणाम

दुसऱ्या जूनमध्ये ३४ पैकी ३१ बॅटऱ्या पहिल्याच दिवशी यंत्राला लावून चालल्या. तीन कमकुवत निघाल्या, आणि त्या तिन्ही मागच्या वर्षी हळू चार्जिंगने वाचवलेल्या सातांपैकी होत्या. त्यामुळे त्यांचे कोणाला नवल वाटले नाही. वाहतुकीत कोणाला इजा झाली नाही. मासिक तपासणी मेमध्ये आठवडाभर उशिरा झाली, कारण तरुण लग्नसराईत मंडपाच्या विजेच्या कामाला बाहेरगावी होता.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या जूनमध्ये तरुणाची दोन दिवस वाट पाहून मोजणी झाली असती, तर सात बॅटऱ्या आणि दोन बोटे वाचली असती. पेरणीची घाई खरी होती, पण चार्जिंगला जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजणीला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त होता.

मेलेल्या बॅटऱ्यांचा निर्णय त्याच बैठकीत व्हायला हवा होता. पावसात पडलेल्यांपैकी एकीचा डबा गुरांच्या पायाखाली फुटला, आणि शेजारची मुले तिथे खेळत असत. बाद ठरलेली वस्तू कोणाची नसते, आणि या प्रकरणात सर्वांत कमी लक्ष तिच्याकडेच गेले.

गोदामाचा आग्रह धरला गेला याचे मला नवल वाटत नाही, कारण नवी इमारत असताना जुन्या मातीच्या खोलीत वस्तू ठेवणे गटाला कमीपणाचे वाटते. पण मार्चमध्येच थर्मामीटर ठेवायला काहीच खर्च नव्हता. तपासणी एकाच माणसावर ठेवणे ही उरलेली त्रुटी आहे. आता सचिव ताई आणि आणखी एक सभासद मल्टिमीटर वापरायला शिकले आहेत, आणि खोलीची दुसरी किल्ली ताईंकडे आहे.

भाजीपाल्याच्या पाच वावरांतल्या बॅटऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यांच्या यंत्रांचा चार्ज नियंत्रक १४.४ व्होल्टला थांबतो आणि तापमानानुसार बदलत नाही. यंत्र देणाऱ्याकडे त्याची विचारणा केली आहे. तोवर या पाच जणांनी मे महिन्यात दुपारी अकरा ते चार पॅनलची तार काढून ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी दाब नोंदवायचा, असे ठरले आहे. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या दिव्याच्या चाचणीचे तास खोलीतल्या बॅटऱ्यांच्या तासांशी ताडून पाहिले जातील आणि सावलीतला डबा पुरतो की नियंत्रक बदलावा लागतो, हे त्यावरून ठरेल.